आन्सेल्मोच्या मुलाचं जावळ

पुएर्तो तिम्बो, १८ मार्च १९३४

पेर्फेक्ता,

तुझी तक्रार माझ्यापर्यंत पोहोचली. तू ती मला नाही, छावणीच्या कॅप्टनला पाठवलीस. पण या गावात कॅप्टनच्या टेबलावर पडलेला कागद दुपारच्या आत धुणं धुणाऱ्या बायकांच्या तोंडी असतो. "न्या देइदामिया, तुमच्या सख्ख्या बहिणीनंच तुमचं नाव दिलंय हो," असं मला शेजारच्या ब्राउलियानं सांगितलं, तेही मयताला आल्यासारखा चेहरा करून. मी म्हटलं, "सख्खी आहे म्हणूनच दिलं. परक्यांना एवढी फुरसत कुठे?"

तुझं म्हणणं असं की माझ्या वीटभट्टीवर दिलेला बोलिव्हियन कैदी मोकळा हिंडतो, माझ्या ओसरीवर जेवतो, आणि हे हुतात्म्यांच्या आयांना बघवत नाही. ओसरीवर जेवतो हे खरं. मग काय त्याला झाडावर बसवून वाढू? आणि मोकळा हिंडून जाणार कुठे? पुढे नदी, नदीपलीकडे अर्जेंटिना, मागे चिखल.

तू जिल्ह्यातल्या आयांच्या समितीची अध्यक्ष, त्यामुळे कॅप्टन बारेइरोला तुझा कागद फेकून देता येत नाही. त्यानं मला बोलावून सरळ सांगितलं: ज्या घराविरुद्ध तक्रार असते तिथला कैदी काढून उत्तरेला येर्बाच्या रानात पाठवतात, पानं तोडायला. ऑगस्ट संपेपर्यंत तू तक्रार मागे घेतलीस तर हा राहील, नाहीतर जाईल. त्या रानातून परत आलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. तूही नाहीस.

हा कैदी मी का घेतला ते ऐक. आपले सगळे पुरुष बोलिव्हियाशी चाकोच्या लढाईत. भट्टी वर्षभर थंड, आणि सैन्यालाच इस्पितळासाठी विटा हव्या. मला म्हणाले, रांगेतून एक निवड. मी सगळ्यात बुटका निवडला, कारण त्याचे हात बघितले. कच्च्या विटा थापणाऱ्याचे हात लपत नाहीत. नाव तोरिबियो चोके. डोंगराकडचा आहे, पण गावाचं ऐकून मलाही 'न्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणायला शिकला आहे. त्याची स्पॅनिश मोडकी, माझी त्याहून मोडकी, पण चिखलात पाणी किती घालायचं यावर आमचं कधी भांडण झालेलं नाही.

तुझा आन्सेल्मो गेला, तसा माझाही भाचा गेला, पेर्फेक्ता. मला तो 'धाकटी आई' म्हणायचा, आणि ते तुला आवडायचं नाही. मी काळे कपडे तुझ्याहून एक दिवसही आधी उतरवलेले नाहीत.

आणि तुझ्या मनात जे आहे ते मी ओळखून आहे, म्हणून सांगते. या माणसानं कधी बंदूक धरली नाही. खेचरं हाकायचा. पाण्याची पिंपं वाहणारी खेचरं, बस.

लिदुविना आणि तिचा मुलगा माझ्याकडेच आहेत. तुला ते नाव ऐकायचं नाही. धोबिणीची पोर, लग्नाआधीच पोटुशी राहिलेली, वगैरे वगैरे. पण मुलाचे कान आन्सेल्मोचेच आहेत, बाहेर आलेले. कानांना कुणाच्या समितीची परवानगी लागत नाही.

तुझी देइदामिया


६ मे १९३४

पेर्फेक्ता,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. त्यातली पहिली माझं नाव, शेवटची तुझं, म्हणजे खऱ्या दोनच. "मारणाऱ्याला जेवू घालणारी माझी बहीण नव्हे. तो आहे तोवर लिहू नकोस." म्हणून लिहिते आहे.

परवा काय झालं ते तुझ्या कानावर दुसऱ्याच कुणाकडून तिखटमीठ लावून येईल, त्याआधी माझ्याकडून ऐक. भर दुपारी, सगळं गाव झोपलेलं असताना, धक्क्यावर कामाला असलेले कैदी कोळ्याची होडी घेऊन पलीकडे गेले. शिपाई उठेपर्यंत ते अर्जेंटिनाच्या काठावर कपडे पिळत होते. त्यांनी तोरिबियोलाही हाक मारली होती, ती मी स्वतः ऐकली. तो भट्टीच्या तोंडाशी लाकडं सारत होता. त्यानं मानसुद्धा वळवली नाही.

मी नंतर विचारलं, "का रे, गेला का नाहीस?"

"पाणी फार होतं, न्या."

"अरे, होडी होती ना!"

"होडीखाली पाणीच होतं."

मी हसले तर मग हळूच म्हणाला, "आणि भट्टी पेटलेली होती. अर्धी भाजलेली भट्टी टाकून कोण जातं?" हे वाक्य मी कॅप्टनला जसंच्या तसं ऐकवलं. तो म्हणाला, न्या, माझे शिपाई असे असते तर लढाई केव्हाच संपली असती. पण तक्रार ती तक्रार, ती तूच मागे घ्यायला हवी.

गाव बोलतं, बोलू दे. ब्राउलिया मला सगळ्यांसमोर म्हणाली, "काय हो, या वयात डोंगरी नवरा केलात म्हणे?" मी म्हटलं, "केला असता, पण तो माझ्या खांद्याला लागतो, मिरवणुकीत दिसायचा नाही." त्यानंतर तिची बोलती बंद. हल्ली तीच त्याला मक्याचा चिपा पाव आणून देते, गरम गरम, आणि उरला होता म्हणून आणला असं सांगते.

तू एकदा ये, एवढंच मागते. माणूस बघून मग त्याला रानात पाठव. न बघता नको.

देइदामिया


३० जून १९३४

पेर्फेक्ता,

घरात आजारपण होतं म्हणून उशीर. आता बरं आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगते: मुलाला ताप आला होता, चांगलाच. संत हुआनच्या जत्रेत गाव निखाऱ्यांवरून चाललं तेव्हा आम्ही घरात त्याच्या कपाळावर ओले फडके ठेवत होतो.

ब्राउलियाला झाडपाल्यातलं कळतं. ती म्हणाली, या जंगलाखाली ताप उतरायचा नाही, आधी केस काढा. तुला माहीत नसेल, या पोराच्या डोक्याला जन्मापासून कात्री लागलेली नव्हती. लिदुविनानं काआकुपेच्या माउलीला नवस केला होता की आन्सेल्मो परत येऊन स्वतः कापेपर्यंत केस वाढवीन. मग ती बातमी आली. त्यानंतर त्या केसांना हात लावायची कुणाची छाती झाली नाही. खांद्यापर्यंत आले, चिखल आणि उवांनी भरले, तरी ती रोज विंचरून फीत बांधायची. केस आहेत तोवर आन्सेल्मो पुरता गेलेला नाही असं तिला वाटत असणार. मी तिला तसं बोलून दाखवलं नाही. मला स्वतःलाच तसं वाटत होतं.

शेवटी ती रडत रडत म्हणाली, "कापा, पण मी नाही कापणार. घरातल्या कुणीही नाही." मग बाहेरचा कोण? मी तोरिबियोला हाक मारली. तो गावी मेंढ्या कातरायचा.

त्यानं कात्री घेतली, मुलाकडे बघितलं आणि विचारलं, "याचे पहिलेच केस?"

"पहिलेच. आटप."

त्यानं कात्री खाली ठेवली. "दुसरं काय सांगाल ते करतो."

माझं डोकंच फिरलं. पोर तापानं फणफणलेलं आणि हा शिष्टपणा! "येर्बाच्या रानात जायचंय का तुला?" मी ओरडले.

"जातो. पण असं नाही कापणार, न्या. हे काम नाही."

आणि निघून गेला. मी त्याला काय काय शिव्या दिल्या ते पाद्रीबाबांना सांगितलं आहे, तुला सांगत नाही. थोड्या वेळानं आला तो अंघोळ करून, सदरा धुऊन अंगावरच वाळवलेला, कात्रीला धार लावलेली. म्हणाला, मुलाला आईच्या मांडीवर द्या, तुम्ही शेजारी उभ्या राहा, आणि थोडी उसाची दारू लागेल. मला वाटलं, ऊन लागलं याला. पण वाद घालायला वेळ नव्हता. त्यानं कमरेचा विणलेला पट्टा सोडला. तो त्याच्या आईनं विणलेला, लाल-काळा, पकडला तेव्हा शिपायांनी तेवढाच काय तो सोडला होता. तो पट्टा त्यानं मुलाच्या मांडीवर ठेवला. मग एक बट कापली आणि कात्री माझ्या हातात दिली: "आता तुम्ही." मी एक कापली. ब्राउलियानं एक कापली. उरलेले त्यानं काढले, इतके हलक्या हातानं की पोर मध्येच झोपलं. मग पेला उचलून घोट घेतला, लिदुविनाच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि म्हणाला, "कोमाद्रे."

आम्ही हसलो, खोटं कशाला बोलू. ब्राउलियाला तर ठसका लागला. कोमाद्रे म्हणे! पण तो हसत नव्हता. त्यांच्या डोंगरात पोराचं जावळ जो पहिल्यांदा काढतो तो त्याचा धर्मबाप होतो, आपल्याकडे चर्चमध्ये पाणी शिंपडताना पोर धरणारा होतो तसाच. आई त्याची कोमाद्रे, बाप कोम्पाद्रे, आणि हे नातं मरेपर्यंत. म्हणून तो आधी तयार नव्हता, आणि म्हणून नंतर अंघोळ करून आला. आम्ही केस कापायला गडी बोलावला आणि सोयरा घरात घेऊन बसलो.

मग त्यानं विचारलं, "माझे कोम्पाद्रे कुठल्या आघाडीवर आहेत? मी त्यांच्यासाठी प्रार्थना करीन." लिदुविनाच्या कपड्यांचा काळा रंग त्याला विटांच्या धुरानं आलेला वाटला होता की काय, कोण जाणे. तिनं सांगितलं, "नानावाच्या लढाईत पडला. गेल्या जुलैत."

त्याच्या हातून पेला सुटला. का, ते मला विचारू नकोस. खेचरं नानावालाही असतीलच, खेचरं कुठे नसतात? तो मातीच्या खाणीत जाऊन बसला तो दिवस मावळेपर्यंत बसला. विटांच्या चिखलाचा एक अख्खा घाणा वाळून फुकट गेला.

ताप उतरला. केस काढल्यानं की काढ्यानं, ते ब्राउलिया ठरवील. तू तक्रारीचं काय ठरवलंस?

देइदामिया


२ ऑगस्ट १९३४

पेर्फेक्ता,

येतेस! बरं झालं. आगबोटीला मी धक्क्यावर असेन.

"मला त्याला बघायचं आहे" असं लिहिलंस. कुणाला, मुलाला की कैद्याला, ते लिहिलं नाहीस. दोघंही अंगणातच असतील. हल्ली एकाला शोधलं की दुसरा सापडतो.

त्याला वाटेल ते विचार. खेचरांबद्दल त्याला सगळं माहीत आहे.

देइदामिया


१९ ऑगस्ट १९३४

पेर्फेक्ता,

तू मला विहिरीवरून पाणी आणायला पाठवलंस आणि त्याच्याशी एकटीनं बोललीस. मी विहिरीवर गेले नाही. भट्टीच्या मागे उभी राहिले, पाठ भाजून निघाली तरी हलले नाही. तेव्हा तुमच्यात जे झालं ते मला ठाऊक नाही असं समजून मला काही सांगायची तसदी घेऊ नकोस.

मी त्याला आठवडाभर पढवलं होतं. पोपटाला शिकवावं तसं. खेचरं, तोरिबियो. बंदूक नाही, खेचरं. तो "हो, न्या" म्हणायचा. आणि तू बसल्या बसल्या पहिलाच प्रश्न टाकलास: "नानावाला होतास?"

"होतो, सेन्योरा."

"खेचरांबरोबर?"

"नाही. बंदूक घेऊन."

तू विचारलंस, "झाडलीस?"

"दिवसभर. तुमच्या खंदकाकडे. धूर होता, समोर कोण पडतंय ते दिसत नव्हतं."

"म्हणजे माझा मुलगा तुझ्या गोळीनं मेला असेल."

"असेल. नसेलही. मला कधीच कळणार नाही. सुटका नाही त्यातून."

"माझ्या बहिणीनं खोटं बोलायला शिकवलं असेल तुला."

"शिकवलं."

"मग बोलला का नाहीस? रानात जायची हौस आहे?"

"नाही. रानाची फार भीती वाटते," तो म्हणाला. "पण ते माझे कोम्पाद्रे आहेत. त्यांच्या आईशी खोटं कसं बोलू?"

पेर्फेक्ता, मी तुझी पाठ बघत होते. लहानपणापासून तुझी पाठ मी ओळखते. रागावतेस तेव्हा ती ताठ होते, आणि तेव्हा ती तशीच ताठ होती. मी म्हटलं, संपलं, गेला हा. आणि तू विचारलंस, "थंडी होती का तिथे?"

"पहाटे फार, सेन्योरा. बोटं बंदुकीला चिकटायची."

"आणि पाणी? तहानेनं मरतात म्हणे तिकडे."

"नानावाला नाही. तुमच्या बाजूला पाणी बरं होतं. आम्ही हेवा करायचो."

मग तू विचारत गेलीस. माती कुठल्या रंगाची. झाडं होती का. पक्षी होते का. कधी सुरू झालं, कधी थांबलं. त्यानं सगळं सांगितलं, न वाढवता, न लपवता. सैन्यातून तुला जे पत्र आलं होतं त्यात मातृभूमी होती, कीर्ती होती, अमर हा शब्द होता. थंडी नव्हती. त्या जागेबद्दल तुझ्याशी बोललेला हा पहिला माणूस, आणि तो समोरच्या खंदकातला.

तो म्हणाला, "संध्याकाळी तुमच्या खंदकातून कुणीतरी तुमच्या ग्वारानी बोलीत काहीतरी ओरडायचा आणि सगळे खदाखदा हसायचे. आम्हाला शब्द कळायचा नाही. पण आम्हीही त्याची वाट बघायचो."

"तो आन्सेल्मोच," तू म्हणालीस.

"माहीत नाही, सेन्योरा."

"तोच होता. त्याला गप्प बसताच यायचं नाही."

"मी तसं म्हणू शकत नाही," तो म्हणाला, आणि तेव्हा तुझी पाठ वाकली. मला वाटलं पुढे यावं, तुला धरावं. पण मी विहिरीवर गेले होते ना.

धक्क्यावर तू मुलाला उचललं नाहीस, त्याची टोपी तेवढी सरळ केलीस. बोटीवर चढताना मला म्हणालीस, "तू विहिरीवर गेलीच नव्हतीस. कळशी कोरडी होती." बाकी एक अक्षर नाही.

तर हो, मी खोटं लिहिलं. खेचरं बिचरं काही नव्हतं, ती मी आधी त्याला न विचारताच ठोकून दिली होती. जावळाच्या दिवशी संध्याकाळी मातीच्या खाणीत त्यानं मला खरं सांगितलं, आणि पुढे लिहिलं ते मी जाणूनबुजून लिहिलं. एका जिवासाठी लिहिलं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा लिहीन, आणि जास्त चांगलं लिहीन. तू माझ्यावर राग धर, तो मी सोशीन. त्याच्यावर काढू नकोस. महिना संपत आला. तो रोज मला एकच विचारतो, सेन्योराचं काही आलं का. मी म्हणते, बोट उशिरा येते. काय करणार आहेस?

देइदामिया


९ सप्टेंबर १९३४

पेर्फेक्ता,

चोर! दुसरा शब्द नाही.

कॅप्टननं बोलावलं. मी नवा सदरा शिवून तोरिबियोला बरोबर नेलं होतं, रानात जायचं तर निदान धड कपड्यात जावं म्हणून. कॅप्टननं तुझा कागद वाचला. तक्रार मागे घेतलीस, मी माउलीचं नाव घेतलं. तर तो म्हणतो, थांबा न्या, खाली अजून आहे. "हुतात्म्याची आई या नात्यानं विनंती, की सदर कैदी माझ्या घरी कामासाठी देण्यात यावा, आणि माझा नातू व त्याची आई यांनाही त्याच बोटीनं पाठवावं, कारण धर्मबापाला मुलापासून तोडणं योग्य नाही."

कॅप्टन म्हणाला, "तुमची काही हरकत, न्या देइदामिया?"

हरकत! माझी भट्टी कोण पेटवणार? माझ्या ओसरीवर कोण जेवणार? मी तुला ग्वारानीत असं काही बोलले की दारावरचा शिपाई बाहेर जाऊन उभा राहिला. मग मी कॅप्टनसमोरच रडायला लागले, मला थांबताच येईना. तोरिबियोला काहीच कळलं नव्हतं, तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "रडू नका, मी रानातूनही येईन." त्याला समजावून सांगितल्यावर त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

ने. नातू लिहिलंस, स्वतःच्या हातानं, म्हणून देते. नाहीतर कॅप्टन काय, जनरल आला असता तरी दिला नसता.

शुक्रवारच्या बोटीनं तिघं येतील. लिदुविना तुला घाबरते, रात्रभर सामान बांधते आणि सोडते. तिला सून म्हणवत नसेल तर नावानं हाक मार, "ए पोरी" करू नकोस. मुलगा मांदिओकाचा कंद गरम असताना खात नाही, थंड करून दे. तोरिबियोला बोटीत आत बसवायला सांगितलं आहे, पाण्याकडे पाठ करून. धक्क्यावर तू स्वतः ये, नोकर पाठवू नकोस. त्याला तुझ्या अंगणातली भिंत दाखव, तो सांगेल ती कुठून पडणार आहे.

भट्टीसाठी मी कॅप्टनकडे दुसरा माणूस मागितला आहे. या वेळी उंच.

आणि पेर्फेक्ता, त्या दिवसाबद्दल त्याला रोज विचारू नकोस. तू विचारशील तितक्या वेळा तो सांगेल.

देइदामिया